पहिली सुई स्वतःला

मुलांनो, भाईंदर किंवा मीरा रोडहून लोकलने निघा आणि दादरला उतरा. तेथून परळला गेलात, की एक जुनी, भव्य इमारत दिसेल. पूर्वी तेथे मुंबईचे गव्हर्नर राहत असत. आज ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. हे हाफकिन कोण होते?

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली, आजच्या युक्रेन देशात, एका ज्यू कुटुंबात झाला. ते अतिशय हुशार होते. पण ज्यू असल्यामुळे त्यांना तेथे प्राध्यापकाची जागा मिळाली नाही. म्हणून ते पॅरिसला गेले. पाश्चर संस्थेत त्यांनी ग्रंथालयातले काम पत्करले आणि उरलेल्या वेळात प्रयोग केले. १८९२ साली त्यांनी पटकीची लस तयार केली. ती त्यांनी सर्वांत आधी स्वतःला टोचून घेतली. १८९३ साली ते भारतात आले आणि त्यांनी हजारो लोकांना ही लस दिली.

१८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात प्लेग सुरू झाला. माणसे पटापट मरू लागली. लोक घरेदारे सोडून पळू लागले. सरकारने हाफकिन यांना बोलावले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील छोट्याशा जागेत ते कामाला लागले. मांसाच्या रश्श्यावर तुपाचे थेंब सोडून त्यांनी प्लेगचे जंतू वाढवले. मग उष्णता देऊन ते मारले. हीच प्लेगची लस! १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी प्रथम स्वतःला टोचली. त्यांना ताप आला, दुखले. पण ते बरे झाले.

मेलेल्या जंतूंचा उपयोग काय, असे तुम्ही विचाराल. आपले शरीर त्यांना ओळखते आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. पुढे खरा शत्रू आला, तर शरीर तयार असते. ही सक्रिय प्रतिकारशक्ती होय. ती यायला काही दिवस लागतात; पण ती पुष्कळ काळ टिकते. कधी कधी तयार प्रतिपिंडे बाहेरून मिळतात. आईकडून ती बाळाला मिळतात. साप चावल्यावर देतात त्या औषधातही ती असतात. ही निष्क्रिय प्रतिकारशक्ती होय. ती लगेच उपयोगी पडते. पण लवकर संपते.

भायखळ्याच्या तुरुंगात अनेक कैद्यांनी स्वखुशीने लस घेतली. त्यांच्यात प्लेग पुष्कळ कमी झाला. तरीही लोक सुईला घाबरत. तेव्हा खोजा समाजाचे तरुण इमाम आगाखान तिसरे पुढे आले. त्यांनी सर्वांसमक्ष लस टोचून घेतली. ते पाहून त्यांच्या हजारो अनुयायांनीही ती घेतली.

पण पुढे हाफकिन यांच्यावर मोठे संकट आले. १९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने मरण पावली. ती सर्व एकाच बाटलीतील लस घेतलेली होती. दोष हाफकिन यांना देण्यात आला व त्यांचे पद गेले. अनेक शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने उभे राहिले. बाटली उघडताना स्वच्छता पाळली गेली नव्हती, असे दिसून आले. १९०७ साली ते निर्दोष ठरले आणि पुन्हा भारतात येऊन काम करू लागले. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. १९३० साली स्वित्झर्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

आज प्लेगवर चांगली औषधे आहेत. त्यामुळे ती लस सर्वांना देत नाहीत. पण इतर लसी हव्यातच. जन्मताच बाळाला क्षयाची व काविळीची लस आणि पोलिओचे थेंब देतात. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवराची लस देतात. धनुर्वात व घटसर्पाची लस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी, तसेच गरोदर स्त्रियांना देतात. काही आजारी माणसांना मात्र काही लसी चालत नाहीत. त्यांनी डॉक्टरांना विचारावे. आपण सर्वांनी लस घेतली, तर अशा दुबळ्या माणसांचेही रक्षण होते.

मुलांनो, तुमच्या घरी लहान भावंड आहे का? मग आजच त्याचे लसीचे कार्ड पाहा. एखादी लस राहिली असेल, तर अम्मी-अब्बांना सांगा आणि त्याला जवळच्या आरोग्य केंद्रात घेऊन जा.