देवळालीचे मास्तर आणि एक सतरा आकडी संख्या

लातूर जिल्ह्यातल्या खेड्यातून नांदेडला शिकायला आलो, तो गणिताला रामराम ठोकूनच. बी. ए.ला आलो याचे तेही एक कारण. अशा माझ्या हाती परवा ग्रंथालयात दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचे चरित्र लागले.

१९०५ साली डहाणूला जन्म, फर्ग्युसनमधून बी. एस्सी.; पुढची पदवी नाही. १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर. (नांदेडहून मुंबईला जाणारी आमची गाडी देवळालीवरूनच जाते!) त्यांचे संशोधन हा पोरखेळ आहे, असे भल्याभल्यांनी ठरवून टाकले होते. मास्तर मात्र आकड्यांशी खेळत राहिले. ६१७४ची गंमत पुष्कळांना ठाऊक आहे. मला वेड लावले ते १२३४५६७८९८७६५४३२१ने.

नऊ एके ओळीने लिहून वर्ग करा, हीच संख्या येते. मुंबईजवळच्या डेम्लो स्थानकावर अशा संख्या सुचल्या, म्हणून मास्तरांनी त्यांना तेच नाव दिले. हिच्या अंकांची बेरीज ८१. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येला ते 'हर्षद' म्हणत, म्हणजे आनंद देणारी. ही तशी आहे का, हे चरित्रात नव्हते.

१९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कुठे नाव झाले. मास्तर तेव्हा सत्तरीचे. १९८६ला ते गेले.

रात्री खोलीवर मी ८१ने भागाकार मांडला. दोनदा चुकला. तिसऱ्यांदा उत्तर १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. जोडीदार गाढ झोपला होता. त्याला हलवून उठवले आणि वही दाखवली.