मध्यस्थ नाकारणारी श्रद्धा

जळगावला लागून असलेला पिंप्राळा आता महापालिकेच्या हद्दीत सामावला असला, तरी आषाढी एकादशीला तेथे निघणाऱ्या विठ्ठलाच्या रथाने त्याचे गावपण टिकवून ठेवले आहे. पंढरपूर गाठणे ज्यांना जमत नाही, अशी आसपासची माणसे त्या दिवशी रथाचे दर्शन घेऊन कृतार्थ होतात. खानदेशातील रथोत्सवांत एक गोष्ट मात्र पाहणाऱ्याच्या नजरेतून सहसा निसटते. रथ ओढण्यास अनेक हात पुढे येतात. पण चाकाखाली लाकडी मोगरी सारून त्याची गती आवरणारी माणसे मोजकीच असतात, आणि त्यांची दृष्टी मूर्तीकडे नव्हे, तर चाकाकडे लागलेली असते. श्रद्धा आणि सावधपणा यांचे हे सहजीवन ज्या मातीत नित्याचे आहे, त्याच मातीत बहिणाबाई चौधरी यांचे आयुष्य गेले.

जळगावजवळच्या आसोदा येथे एका शेतकरी कुटुंबात १८८० साली त्यांचा जन्म झाला. माहेरचे आडनाव महाजन. तेराव्या वर्षी, १८९३ मध्ये, जळगावच्या नथुजी खंडेराव चौधरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. अक्षरओळख त्यांना कधीच झाली नाही. जाते, चूल, शेत आणि खळे हेच त्यांचे विद्यापीठ होते. तेथे काम करता करता त्या आपल्या लेवा गणबोलीत गाणी रचीत. त्यांपैकी जी मुलगा सोपानदेव आणि एका आप्ताने टिपून ठेवली, तेवढीच उरली; बाकीची वाऱ्यावर विरली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई निवर्तल्या आणि पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह त्यांच्या गाण्यांचे पुस्तक निघाले. लिहिता-वाचता न येणाऱ्या या स्त्रीचे नाव २०१८ मध्ये जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला देण्यात आले, हा काव्यगत न्यायच म्हणावा लागेल.

ऐन उमेदीच्या वयात त्यांना वैधव्य आले. पदरी दोन मुलगे आणि एक मुलगी. विधवेच्या दुःखाचे कारण तिच्याच कपाळी शोधणारा तो काळ होता. अशा घराच्या दारात ज्योतिषी हटकून येतो. कारण भविष्याची भूक दुःखी माणसालाच अधिक असते. बहिणाबाईंनी मात्र त्याला हात दाखविण्याचे नाकारले. या प्रसंगावरील त्यांचे गाणे महाराष्ट्राला परिचित आहे. तळहातावरील रेषा म्हणजे नशीब नव्हे, त्या केवळ रेघोट्या आहेत, हा त्यातील निर्वाळा. त्या हाताला कष्टाने भेगा पडल्या होत्या. जो हात रोज विळा आणि जात्याचा खुंटा धरतो, त्यावर काय लिहिले आहे हे परक्याने कशाला सांगावे, असा तो रोख होता.

जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये महाराष्ट्रात फलज्योतिषाची रीतसर चाचणी घेतली. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या कुंडल्या ओळखण्याचे काम सत्तावीस ज्योतिषांनी केले. त्यांच्या उत्तरांपैकी सुमारे ४६ टक्के बरोबर ठरली. नाणे उडवूनही तेवढेच यश मिळाले असते. संख्याशास्त्राने दिलेला हा निकाल बहिणाबाईंनी एका शतकाच्या मागल्या टोकाला, केवळ आपल्या दुःखाच्या बळावर दिला होता.

तथापि, एवढ्यावरून त्यांना आजच्या अर्थाने बुद्धिवादी ठरविणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. ज्योतिषाला परत पाठविताना त्यांनी दैव ही कल्पना नाकारली नाही. आपले दैव आपल्यालाच कळते, एवढेच त्यांचे म्हणणे होते. विंचू-सापाच्या विषावर मंत्राचा उतारा असतो, ही त्या काळची समजूतही त्यांच्या गाण्यात आली आहे. सर्पदंशावर प्रतिविषाची लस हाच उपाय होय, हे आज सांगावे लागते. ते त्यांच्याकडून अपेक्षिता येत नाही.

दुसऱ्या बाजूने त्यांना केवळ भाविक म्हणून मखरात बसविणेही तितकेच चुकीचे आहे. पोथी वाचता येत नाही याची खंत त्यांनी केली नाही. पांडुरंगाची गीता आणि भागवत पावसातून मातीत उतरते आणि तेथून उगवून येते, अशी त्यांची धारणा होती. देवाचे दर्शन त्यांना घडले ते सूर्यप्रकाशात, शेताच्या बांधावर. त्यांच्या श्रद्धेला पुरोहित लागला नाही आणि त्यांच्या संशयाला ग्रंथाचा आधार लागला नाही. दोन्ही त्यांच्या स्वतःच्या होत्या. म्हणूनच त्या एका घरात गुण्यागोविंदाने नांदल्या.

हाच स्वावलंबी बाणा मनाच्या विचारातही दिसतो. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील अमळनेर येथे श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. देशभरातील विद्वान तेथे येऊन ज्ञाता, ज्ञेय आणि आत्मा यांची इंग्रजीत चर्चा करीत. ज्ञात्याच्या स्वातंत्र्यावरील कृष्णचंद्र भट्टाचार्य यांचा कठीण ग्रंथ १९३० मध्ये तेथूनच प्रसिद्ध झाला. त्याच काळात, त्याच पूर्व खानदेशात, जळगावच्या शेतात बहिणाबाई त्याच प्रश्नाशी झुंजत होत्या, आणि या दोन जगांची एकमेकांशी ओळखही नव्हती. उभ्या पिकात पुन्हा पुन्हा शिरणारे गुरू, क्षणात जमिनीवर तर क्षणात आभाळात जाणारे पाखरू, खसखशीच्या दाण्याएवढे असूनही आकाशात न मावणारे काहीतरी, अशा रूपांत त्यांनी मन पाहिले. हे पाहणे पुस्तकी नव्हते. शेत राखणाऱ्या बाईने ज्या सावधपणे गुरावर नजर ठेवावी, त्याच सावधपणे त्यांनी स्वतःच्या मनावर ती ठेवली होती.

विशेष म्हणजे या गाण्याचा शेवट उत्तराने होत नाही. असे मन घडविलेच कसे, जागेपणी तुला हे स्वप्न पडले की काय, असे त्या देवालाच विचारतात. मेंदूतील हालचालींबरोबर आतला अनुभव का उमटतो, या कोड्याला डेव्हिड चामर्स या तत्त्वज्ञाने १९९५ मध्ये जाणिवेचा कठीण प्रश्न म्हटले. मेंदूविज्ञानाने त्यानंतर मोठी मजल मारली; पण या कोड्यावर सर्वमान्य उत्तर अद्याप मिळालेले नाही. प्रश्न खुला ठेवण्याचे धैर्य श्रद्धावंतात क्वचित आढळते, आणि संशयवाद्यातही ते फारसे आढळत नाही.

महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला. तो आवश्यकच होता. परंतु कायदा भोंदूला शिक्षा देऊ शकतो. दार उघडण्यापूर्वी विचार करण्याची सवय तो लावू शकत नाही. दुःख आजही दारात मध्यस्थांची रांग लावते. कोणी भविष्य विकतो, कोणी मनःशांती, तर कोणी सगळ्या प्रश्नांची तयार उत्तरे. बहिणाबाईंच्या आयुष्याचे सार हे, की देव, दैव आणि मन या तिन्हींच्या बाबतीत त्यांनी आपल्यामध्ये कोणाला येऊ दिले नाही. मोगरीवाल्याची नजर चाकावर असते म्हणून त्याची भक्ती उणी ठरत नाही. रथ सुखरूप परततो तो त्याच्याच जागरूकतेमुळे.