विश्वकिरणांचा पहिला साक्षीदार

७ ऑगस्ट १९१२ रोजी सकाळी बोहेमियातील आउसिग गावाहून हायड्रोजनने भरलेला एक फुगा आकाशात झेपावला. फुग्याच्या टोपलीत तिघे जण होते. त्यांपैकी एक होते २९ वर्षांचे पदार्थवैज्ञानिक व्हिक्टर हेस. विरळ होत जाणाऱ्या हवेत ५,३५० मीटर उंची गाठेपर्यंत ते उपकरणांवरील आकडे टिपत राहिले. दुपारी फुगा बर्लिनजवळ उतरला, तेव्हा एका मोठ्या शोधाची नोंद त्यांच्या वहीत झाली होती.

ऑस्ट्रियातील स्टायरिया प्रांतात २४ जून १८८३ रोजी जन्मलेले हेस हे एका वनाधिकाऱ्याचे पुत्र. ग्रात्समध्ये डॉक्टरेट मिळवून ते व्हिएन्नाच्या रेडियम संस्थेत रुजू झाले. बंद पात्रातील हवाही विद्युतभारित का होते, या कोड्याने त्या काळी शास्त्रज्ञांना भंडावून सोडले होते. जमिनीतील किरणोत्सर्ग हे त्याचे सर्वमान्य उत्तर होते. तसे असेल तर उंचीवर परिणाम घटायला हवा. हेस यांना मात्र सुरुवातीच्या किंचित घटीनंतर तो वाढतच जाताना आढळला. एप्रिल १९१२ च्या सूर्यग्रहणातही तो कमी झाला नव्हता. म्हणजे सूर्यही प्रमुख कारण नव्हता.

हा उपकरणाचाच दोष असेल, असा आक्षेप येणारच होता. त्यामुळे ऑगस्टच्या उड्डाणात त्यांनी एक नव्हे, तीन विद्युत्‌मापक नेले होते आणि तिन्हींचे आकडे ताडून पाहिले. हेस यांच्या शास्त्रीय शिस्तीचे खरे दर्शन येथे घडते, असे म्हणावेसे वाटते. तरीही अनेकांचा विश्वास बसायला दीर्घ काळ लागला. ‘कॉस्मिक रे’ हे नाव रूढ केले ते अमेरिकेच्या मिलिकन यांनी, १९२५ मध्ये. नोबेल पुरस्कार मिळाला १९३६ मध्ये, तोही कार्ल अँडरसन यांच्यासमवेत विभागून.

अवघ्या दोन वर्षांत नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केला. हेस यांच्या पत्नी ज्यू वंशाच्या होत्या. प्राध्यापकपदावरून दूर केले गेलेले हेस स्वित्झर्लंडमार्गे अमेरिकेत पोहोचले, न्यूयॉर्कच्या फोर्डहॅम विद्यापीठात शिकवू लागले आणि १९४४ मध्ये त्या देशाचे नागरिक झाले.

ज्या किरणांसाठी हेस यांनी प्राण पणाला लावले, तेच आज खगोलशास्त्रज्ञांची डोकेदुखी ठरतात. दुर्बिणीच्या कॅमेऱ्यातील सीसीडी संवेदकावर हे कण आदळले, की छायाचित्रात पांढरे ठिपके व रेघोट्या उमटतात आणि नवख्याला ते तारेच भासतात. वातावरणाबाहेर असलेल्या हबल दुर्बिणीला हा उपद्रव अधिकच. त्यावरचा उपाय हेस यांच्या पद्धतीची आठवण करून देतो. आकाशाच्या त्याच भागाची एकाहून अधिक छायाचित्रे घेऊन ती ताडून पाहतात. तारा सर्वांत असतो, कणाची खूण एकातच, म्हणून ती वगळली जाते. एकच छायाचित्र हाती असल्यास खुणेची धारदार कड कामी येते. दुर्बिणीतून येणारा ताऱ्याचा प्रकाश कडेला हळूहळू मावळतो, कणाचा ठिपका मात्र एकदम तुटतो. या फरकावर आधारलेली पीटर व्हॅन डोक्कुम यांची २००१ ची संगणकीय पद्धत खगोलशास्त्रात सर्रास वापरली जाते.

हेस यांचे १७ डिसेंबर १९६४ रोजी न्यूयॉर्कजवळील माउंट व्हर्नन येथे निधन झाले. सीसीडीचा शोध लागायला तेव्हा आणखी पाच वर्षे होती.