चुना, सुरखी आणि सर विश्वेश्वरय्या

गेल्या वर्षी प्रकल्पासाठी मी सिमेंटमध्ये भाताच्या तुसाची राख मिसळून काँक्रीटचे ठोकळे पाडले. राख गिरणीमागच्या ढिगातली, काळी. पोत्यात भरली, चाळली आणि मिसळली. अठ्ठाविसाव्या दिवशी ठोकळे अपेक्षेच्या निम्मा भारही पेलू शकले नाहीत. मन खट्टू झाले. त्या सुट्टीत म्हैसूरजवळचे कृष्णराजसागर धरण पाहिले आणि ज्यांच्या नावाचे विद्यापीठ आमच्या बेळगावातच आहे, त्या सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचे चरित्र वाचावयास घेतले.

त्यांचा जन्म म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळीचा. पितृछत्र लहानपणीच हरपले. बंगळुरात शिकवण्या करून ते १८८१ साली बी. ए. झाले आणि संस्थानच्या शिष्यवृत्तीवर पुण्यास स्थापत्यशास्त्र शिकले. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. नाशिक, खानदेश, पुणे अशी नोकरी झाली. खडकवासल्यास १९०३ साली बसविलेले स्वयंचलित दरवाजे त्यांच्याच कल्पनेतले. १९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले, तर १९१२ ते १९१८ दिवाण होते.

कृष्णराजसागराचे काम १९११ मध्ये सुरू झाले. सिमेंट तेव्हा बहुतांशी परदेशातून येई. धरणाची दगडी भिंत चुना आणि सुरखी यांच्या मिश्रणात बांधली गेली. सुरखी म्हणजे भाजलेल्या मातीची पूड. साधा चुना पाण्याखाली घट्ट होत नाही. सुरखीतील सिलिकेशी त्याचा संयोग झाला, की तो पाण्यातही दगडासारखा होतो. मात्र माती बेताने भाजावी लागते आणि बारीक दळावी लागते. धरण पुरे होण्याआधीच विश्वेश्वरय्यांनी दिवाणपद सोडले, पण काम थांबले नाही. १९५५ साली त्यांना भारतरत्न मिळाले. १९६२ साली, शंभरी ओलांडून, त्यांनी देह ठेवला.

हे वाचताना माझी चूक मला उमगली. तुसाच्या राखेतही सिलिकाच असते. पण तूस अर्धवट जळाले तर राखेत कोळसा उरतो व तो पाणी शोषून घेतो; फार तापले तर सिलिका स्फटिकरूप होऊन निष्क्रिय बनते. टाकाऊ वस्तू फुकट मिळते, तिचे संस्कार फुकट होत नाहीत. यंदा मी तूस भट्टीत सातशे अंश सेल्सियसच्या आत जाळले, करड्या राखेला चक्कीत तासन्‌तास दळले आणि नवे ठोकळे पाडले. ते सध्या पाण्यात आहेत. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा त्यांचे अठ्ठावीस दिवस भरलेले असतील.