एकल सुराचे राखणदार : केशवराव भोळे

गायकाच्या सुरामागे किती वाद्ये वाजावीत आणि त्यांनी केव्हा थांबावे, या प्रश्नाचा मराठी संगीतात ज्यांनी सखोल विचार केला, त्यांत केशवराव भोळे यांचे नाव अग्रभागी आहे. १८९६ साली अमरावतीत जन्मलेले केशवराव वैद्यकीय शिक्षणासाठी मुंबईत आले. परंतु संगीताच्या ओढीपुढे डॉक्टरकी मागे पडली. ‘एकलव्य’ आणि ‘शुद्ध सारंग’ या टोपणनावांनी त्यांनी संगीतावर साक्षेपी लेखन केले.

संगीत नाटकाला तेव्हा उतरती कळा लागली होती. तानांच्या भेंडोळ्यांत कथानक हरवून जाई. अशा वेळी, १९३३ मध्ये, ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले. ब्यर्नसन या नॉर्वेजियन नाटककाराच्या कृतीवर आधारलेल्या या नाटकासाठी केशवरावांनी मोजकी, आटोपशीर, भावानुकूल पदे बांधली. त्यांच्या पत्नी ज्योत्स्नाबाईंनी ती गायली आणि मराठी भावगीताची वाट प्रशस्त झाली.

पुढचा प्रश्न वाद्यांचा होता. युरोपात पियानोच्या साथीने गाण्यासाठी रचलेल्या कलागीतांना वाद्यवृंदाचा साज चढवण्याची प्रथा होती. फिनलंडच्या सिबेलियसने स्वतःच्या काही गीतांबाबत तेच केले. मात्र तेथील गीत स्वरसंवादावर उभे असते, तर आपले गाणे एकाच सुराच्या वळणांवर. त्यामुळे पाश्चात्त्य वाद्ये केवळ आणून बसवली, तर त्या वळणांवरच आघात होण्याची भीती होती. ‘प्रभात’ने पुण्यात निर्माण केलेल्या पहिल्या चित्रपटापासून, म्हणजे १९३४ च्या ‘अमृतमंथन’पासून, केशवरावांना हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर करण्याची संधी मिळाली. पियानो, व्हायोलिन, हवाईयन गिटार यांना त्यांनी वाद्यमेळात स्थान दिले. पण सुराचे आसन हलू दिले नाही.

१९३६ च्या ‘संत तुकाराम’मध्ये ही जाण विशेष दिसते. चित्रपटाच्या आरंभी विष्णुपंत पागनीस यांचा तुकाराम तल्लीन होऊन अभंग गातो. तोच अभंग ढोंगी सालोमालो आपला म्हणून नाटकी थाटात आळवतो. शब्द तेच, मात्र गाण्याचा बाज बदलला की भक्तीचे प्रदर्शन कसे होते, हे प्रेक्षकाला कोणी समजावून सांगावे लागत नाही. ‘आधी बीज एकले’ ही शांताराम आठवले यांची रचना तर अनेकांनी तुकोबांचीच मानली. त्यात चालीचाही वाटा होताच.

सर्वांत धाडसी पाऊल पडले ते १९३७ च्या ‘कुंकू’मध्ये. फसवणुकीने वृद्धाशी विवाह लावल्या गेलेल्या नीरेची ही कथा. हाताशी सुसज्ज वाद्यवृंद असूनही प्रचलित पार्श्वसंगीत येथे बाजूस ठेवले गेले. त्याऐवजी प्रसंगाच्या भोवतालचे नैसर्गिक ध्वनी वापरले गेले. शांता आपटे यांच्या आवाजातील त्वेष त्यामुळेच प्रेक्षकांपर्यंत अनलंकृत पोहोचला. वाद्यमेळ वाढवणाऱ्या संगीतकारानेच तो आवरता घ्यावा, यात त्यांच्या विचाराची पक्वता आहे.

‘माझे संगीत : रचना आणि दिग्दर्शन’ या ग्रंथात केशवरावांनी आपल्या कामाची मीमांसा केली. १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे वाद्यवृंद विस्तारत गेले, ध्वनिमुद्रणाचे तंत्र पालटले. मात्र साथ ही साथच असावी, गाण्यावर कुरघोडी नसावी, हा त्यांचा धडा आजही तितकाच उपयोगी आहे.