नाकातल्या पेशी आणि एर्लिख यांचे रंग

कोविडमध्ये वास गेलेले बहुतेक रुग्ण पुढे बरे झाले. ते का, याचे उत्तर शोधताना संशोधकांनी नाकाच्या अस्तराचे पातळ काप घेऊन त्यांवर रंग जोडलेली प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, सोडली. विषाणू ज्या प्रथिनाला धरून आत शिरतो, ते वास ओळखणाऱ्या चेतापेशींवर नव्हे, तर त्यांच्या शेजारच्या आधारपेशींवर चमकताना दिसले. रंगाने पेशी ओळखणे आणि प्रतिपिंड नेमक्या जागीच बसणे, या दोन्ही कल्पनांचा माग काढला की आपण पॉल एर्लिख यांच्यापाशी पोहोचतो.

एर्लिख यांचा जन्म 1854 चा, तेव्हाच्या प्रशियातल्या एका ज्यू कुटुंबातला. त्यांच्या आईचे चुलतभाऊ कार्ल वायगर्ट पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत. हे वेड तिथून लागले. त्या काळी जर्मनीत कापडासाठी नवनवे कृत्रिम रंग तयार होत होते. एकच रंग एका पेशीला धरतो आणि दुसरीला का धरत नाही, हा प्रश्न त्यांना आयुष्यभर पुरला. रक्ताच्या रिपोर्टमध्ये आपण ‘इओसिनोफिल’ वाचतो, ते नाव इओसिन या रंगावरून त्यांनीच ठेवलेले.

1882 मध्ये रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनला क्षयाचा जंतू दाखवला, तेव्हा एर्लिख श्रोत्यांत होते. लगेच त्यांनी तो रंगवण्याची सुधारित रीत काढली: रंगवलेली काचपट्टी आम्लाने धुतली तरी या जंतूचा रंग जात नाही. आमच्या सरकारी रुग्णालयात बेडका तपासतात त्या पद्धतीला झील-नील्सन म्हणतात. एर्लिख यांचे नाव त्यात नाही, पण पाया त्यांचाच. काही वर्षांनी त्यांना स्वतःलाच क्षय झाला. हवापालटासाठी ते इजिप्तला गेले, बरे होऊन परतले, पण हाताला काम नव्हते. अखेर कॉख यांनी आपल्या संस्थेत जागा दिली.

तिथे प्रश्न घटसर्पाचा होता. घोड्याच्या रक्तातून काढलेला रक्तरस मुलांना वाचवी, पण एका बाटलीत दम असे, दुसरीत नसे. एर्लिख यांनी त्याची ताकद मोजण्याचे प्रमाण ठरवले. माझ्या मते हे त्यांचे सर्वांत कमी चर्चिलेले आणि सर्वांत उपयोगी काम. त्यातूनच 1897 मध्ये सिद्धांत निघाला: पेशीच्या अंगावर ठरावीक आकाराचे ग्राही असतात, विष त्यांत कुलपात किल्ली बसावी तसे बसते, मग पेशी ते ग्राही जादा बनवते आणि सुटलेले रक्तात फिरतात. तीच प्रतिपिंडे. तपशील पुढे चुकीचा ठरला, नेमकेपणाची कल्पना टिकली. 1908 मध्ये त्यांना मेचनिकॉफ यांच्यासोबत नोबेल मिळाले.

वासाच्या बाबतीत हा नेमकेपणाच अडचणीचा ठरतो. वासाच्या ग्राहींची जनुके बक आणि ॲक्सल यांनी 1991 मध्ये शोधली. माणसात त्यांचे सुमारे 400 प्रकार आहेत आणि अनेक एकमेकांसारखेच. एका ग्राहीसाठी बनवलेले प्रतिपिंड त्याच्या भावंडालाही चिकटू शकते आणि तरीही काचपट्टी छान चमकते. म्हणून ज्या पेशींत तो ग्राही मुळी नाहीच, त्यांवरही ते सोडून पाहावे लागते. तिथेही चमकले, तर ते प्रतिपिंड बाद.

एर्लिख पुढे फ्रँकफुर्टला गेले. जपानी सहकारी हाता यांच्या चाचण्यांतून 606 क्रमांकाचे संयुग उपदंशावर लागू पडले आणि 1910 मध्ये साल्वारसान या नावाने बाजारात आले. त्यातल्या आर्सेनिकच्या दुष्परिणामांवरून एर्लिख यांना बोलणीही खूप खावी लागली. रोज मूठभर जाड सिगार ओढणारा हा माणूस ऑगस्ट 1915 मध्ये गेला. संस्थेजवळच्या रस्त्याला त्यांचे नाव दिलेले होते. नाझी राजवटीने ते पुसले आणि त्यांच्या पत्नी हेडविग यांना उतारवयात देश सोडावा लागला. युद्धानंतर ते नाव पुन्हा लागले.