मिठाला जागलेले नामदार

खाल्ल्या मिठाला जागावे, ही शिकवण दरबारचे अन्न खाल्लेल्या आमच्यासारख्या घरांत लहानपणीच कानांवर पडते. वडील दरबारचे गवई. पण ज्या तिजोरीतून कलावंतांचे पगार होत, तीत पैसा कोण भरतो, हा प्रश्न मला पडला तो नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे चरित्र वाचताना.

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजी कोतळूक या कोकणातील खेड्यात झाला. पितृछत्र लवकर हरपले. थोरले बंधू गोविंदराव आपल्या पंधरा रुपये पगारातले आठ रुपये धाकट्याच्या शिक्षणासाठी पाठवीत. पैशाची किंमत गोपाळराव तिथे शिकले. १८८४ साली बी. ए. होऊन ते पुण्यात शिक्षक झाले. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक कित्येक पिढ्यांच्या हाती होते. पुढे न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना सरकारी अहवाल वाचावयास शिकविले.

२६ मार्च १९०२ रोजी वरिष्ठ कायदेमंडळात त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. सभासदांना बोलता येई. मत देता येत नसे. सरकारी तिजोरीत शिल्लक पडत होती आणि ती देशाच्या भरभराटीची खूण म्हणून दाखविली जात होती. गोपाळरावांनी आकड्यांनीच दाखवून दिले की, ही शिल्लक सुबत्तेची नसून गरजेपेक्षा जास्त कर घेतल्याची आहे. आणि तीही दुष्काळ व प्लेग यांनी रयत पिचलेली असताना.

मिठाचेच पाहा. समुद्र सर्वांचा, ऊनही फुकटचे. पण परवान्यावाचून मीठ पिकविणे गुन्हा, आणि मणामागे अडीच रुपये कर. श्रीमंताला तो जाणवत नसे. गरिबाच्या भाकरीवरचे मीठ मात्र त्याने कमी होई. या मागणीचा पाठपुरावा गोपाळरावांनी वर्षानुवर्षे केला. १९०३ साली कर दोन रुपयांवर आला, १९०५ साली दीड, आणि १९०७ साली एक.

या भाषणामागे गणेश व्यंकटेश जोशी या शाळामास्तरांनी पुरविलेली आकडेवारी होती, हे आवर्जून सांगावेसे वाटते. मैफलीत टाळी गवयाला मिळते. तंबोरा धरून बसलेल्याकडे कोण पाहतो?

१९११ साली त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा आमच्या बडोद्याचा दाखला त्यांच्यापाशी होता. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सुरू केलेली सक्ती १९०६ साली सर्व राज्यात लागू केली होती. एका संस्थानाला जे जमले, ते साम्राज्याला का जमू नये? तरीही १९१२ साली ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले.

मधुमेहाने जर्जर झालेले गोपाळराव १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेले. पंधरा वर्षांनी, ज्यांनी त्यांना राजकीय गुरू मानले त्या गांधीजींनी दांडीच्या किनाऱ्यावर मूठभर मीठ उचलले.

आमच्या घरी मिठाला जागणे म्हणजे धन्याशी इमान. गोपाळरावांनी मला त्याचा दुसरा अर्थ शिकविला: तिजोरीने रयतेच्या मिठाला जागावे. आज शाळेत मुलांना सा लावायला शिकवून पगार घेताना ते मीठ कोणाचे, हे मी विसरत नाही.